चौसष्टावी कळा

रात्री साडेनऊच्या सुमाराला येणारा तो मेसेज तुमच्याही फोनवर येत असेलच. आजचा कोटा शंभर टक्के संपलेला असतो आणि यापुढे ६४ केबीपीएसच्या वेगाने अनलिमिटेड इंटरनेटचा आनंद घ्यायचा असतो. कोटा संपतो याबद्दल माझी तक्रार नाही. दीड जीबी म्हणजे दीड जीबी, तो संपणारच. आनंद घ्या म्हणणाऱ्यांशीही मी आता वाद घालत नाही. माझं भांडण त्या चौसष्टशी आहे.

साठ का नाही? सत्तर का नाही? पाडायचाच आहे वेग, तर शून्यावर आणा, म्हणजे माणूस फोन उशाला ठेवून झोपेल तरी. चौसष्ट हा आकडा बसून, विचार करून कुणीतरी ठरवलेला दिसतो. त्या माणसाला कुठल्याही मोसमात मलकापूरच्या स्टेशनवर उतरवून घ्यावं, घरी आणून जेवू घालावं आणि जेवण झाल्यावर माझा फोन त्याच्या हातात देऊन मालिकेचा आजचा भाग लावून दाखव म्हणावं, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

आमच्या गल्लीत टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभी हयात घालवलेले एक काका आहेत. त्यांना विचारलं, तर ते गालात हसले. "अरे बावा, चौसष्ट म्हन्जे एका फोनची लाइन. आवाजाचे सेकंदाले आठ हजार तुकडे करतेत, एकेका तुकड्याले आठ बिट. आठ हजार गुनिले आठ. कर हिशोब." मी केला. चौसष्ट हजार आले. "मंग?" म्हणून काका पुन्हा पेपर वाचायला लागले.

म्हणजे खुलासा असा, की साडेनऊ वाजता कंपनी आपल्या साडेसहा इंची फोनमधून जग काढून घेते आणि त्या जागी एक जुनी लँडलाइन ठेवून जाते. ज्या लँडलाइनसाठी एके काळी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं बसत, ती आता रोज रात्री घरपोच, न मागता. तिच्यावर बोलता येत असतं तर तेही चाललं असतं.

आकडा डोक्यात शिरला की जात नाही. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. सेकंदाला चौसष्ट हजार बिट, म्हणजे आठ हजार बाइट. सकाळी आत्याकडून येणारं गुलाबाच्या फुलाचं सुप्रभात साधारण दोनशे केबीचं असतं. त्याला पंचवीस सेकंद. चांगल्या कॅमेऱ्याचा एक फोटो, चार एमबीचा, आठ मिनिटांच्या वर. एक जीबीला चौतीस तास त्रेचाळीस मिनिटं. साधा, एचडी नसलेला दीड तासांचा सिनेमा दीड जीबीच्या आसपास धरला, तर बावन्न तास. म्हणजे शुक्रवारी रात्री लावलेला सिनेमा सोमवारी पहाटे संपणार. आणि आता खरी गंमत बघा. चोवीस तास न थांबता, न झोपता, न जेवता हा चौसष्टचा नळ उघडा ठेवला, तरी दिवसभरात सातशे एमबीसुद्धा भरत नाहीत. हिशोब करून पाहा, ६९१ येतात. म्हणजे जो डेटा मर्यादित आहे तो दीड जीबी, आणि जो अमर्याद आहे तो त्याच्या निम्म्याहूनही कमी. मर्यादेपेक्षा लहान असलेली अमर्यादा वेदान्तातसुद्धा सापडायची नाही. ती २८ दिवसांच्या पॅकमध्ये सापडते.

सरकारदरबारी ब्रॉडबँड कशाला म्हणावं, याची व्याख्या २००४ साली झाली तेव्हा ती २५६ केबीपीएसची होती. पुढे ५१२ झाली आणि २०२३ च्या जानेवारीत दोन एमबीपीएस. याचा आमच्या चौसष्टशी मेळ घालायला मी जुन्या पिढीचं चलन वापरतो. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, त्याआधी रुपयाचे पैसेही चौसष्टच होते. सोळा आणे, आण्याचे चार पैसे. आता दोन एमबीपीएसला रुपया समजा. चौसष्ट केबीपीएस म्हणजे त्यातले दोन पैसे. दोन पैशांच्या नाण्याला आपल्याकडे ढब्बू म्हणत. तेव्हा साडेनऊनंतर अख्ख्या घराच्या हातात एक ढब्बू पडतो आणि त्यावर लिहिलेलं असतं, आनंद घ्या.

पण मला वाटतं, टेलिफोनवाल्या काकांचा खुलासा अपुरा आहे. चौसष्ट ठरवणारा माणूस परंपरेतला असला पाहिजे. चौदा विद्या, चौसष्ट कला! वात्स्यायनाची यादी काढून बघा, कंपनीनं ती समोर ठेवूनच वेग ठरवलाय याबद्दल शंका राहणार नाही. त्या यादीत प्रहेलिका आहे, म्हणजे कोडी सोडवणं: पडद्यावर जे चौकोनी ठिपके दिसतायत त्यातला नायक कोणता आणि सोफा कोणता, हे आमच्या घरात शाळकरी पोरही सांगतं. इंद्रजाल आहे: माणूस दारातून आत येताना दिसतो आणि एकदम थेट सरणावर, मधलं सगळं गडप. पोपट-मैनेला बोलायला शिकवणं आहे; ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो, त्याचा उगम इथेच असावा. मेंढे, कोंबडे आणि लावे यांची झुंज लावण्याची कलासुद्धा आहे, तिचं प्रात्यक्षिक आमच्याकडे हॉटस्पॉट कुणाचा वापरायचा या विषयावर रोज होतं. आणि या सगळ्यांची राणी म्हणजे काव्यसमस्यापूरण. अर्धी ओळ द्यायची, उरलेली समोरच्यानं रचायची. परवा खलनायिका डोळे मोठे करून म्हणाली, "या वाड्यात एक तर मी राहीन, नाही तर..." आणि पडद्यावरचा गोल फिरायला लागला. आम्ही सगळे श्वास रोखून. बायकोनं पूर्ती केली, "नाही तर तू." पोरगा म्हणाला, "नाही तर कुणीच नाही." माझी आई कोपऱ्यातून म्हणाली, "नाही तं भाडेकरू ठेवीन." गोल थांबला तेव्हा वाडा जळत होता. ती काय म्हणाली होती हे आम्हाला अद्याप कळलेलं नाही, पण आईची पूर्ती कथानकाला धरून जास्त होती, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आईचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. आमच्या घरातली अर्थव्यवस्था तिच्या सिमवर उभी आहे. तुमच्याही घरात असंच असणार, उगाच नाक मुरडू नका. म्हाताऱ्या माणसाला फोन घेऊन द्यायचा, त्यात दीड जीबीवाला रिचार्ज मारायचा, म्हातारं माणूस काही बघत नाही, फार तर लेकीला फोन लावतं. आणि संध्याकाळी तिच्या फोनचा हॉटस्पॉट चालू करून टीव्हीला जोडायचा. गावभर मातृभक्तीची लाट आली ती यातूनच. मलाही भाऊ कौतुकानं म्हणाला होता, आईला कधी रिचार्ज कमी पडू देत नाहीस. दुर्दैवानं शेजारच्या काकूंनी आईला कीर्तनाचा व्हिडिओ कसा लावायचा ते दाखवलं. तेव्हापासून दुपारी तीनलाच साठा संपतो. वरून तिच्या फोनमध्ये चित्राचा दर्जा 'ऑटो'वर असतो, म्हणजे बुवांच्या कपाळावरचा बुक्का कण न् कण मोजता येईल इतकं स्वच्छ चित्र. एचडीला तासाला तीन जीबीच्या आसपास जातात, बुवांचा पूर्वरंग संपायच्या आत दीड जीबी पंढरीला. "आई, क्वालिटी कमी करून बघत जा," म्हटलं, तर म्हणाली, "देवाचं कमी करून कशाले पाहू? तुह्या मालिका पाह्य कमी करून."

यावर बोलायला जागा नव्हती.

मग बारा वाजायची वाट. बाराला नवा दिवस, नवा दीड जीबी. आमच्या भागात विहिरीवरची मोटर रात्री उठून लावायची सवय असल्यानं जागरणाचं कुणाला काही वाटत नाही. पावणेबाराला गल्लीत फेरी मारा, खिडक्याखिडक्यांतून निळा उजेड. ज्यांचा उरलाय ते वाया जाऊ नये म्हणून घाईघाईनं काहीही बघतायत, ज्यांचा संपलाय ते बाराची वाट बघतायत. उरलेला दुसऱ्या दिवशी का मिळत नाही, असं मी एकदा ग्राहकसेवेच्या बाईंना विचारलं. त्या अत्यंत गोड आवाजात म्हणाल्या, सर, तुमच्या प्लॅनमध्ये तशी सुविधा नाही. पैसे मी दिले, डेटा माझा, वापरला नाही तर तो जातो कुठे? कुणाच्या घरी जातो? एवढ्या लाखो फोनमधून रोज मध्यरात्री उरलासुरला डेटा नाहीसा होतो आणि त्याचा पंचनामा नाही!

आणि २८ दिवसांचा महिना. यावर मी लिहिणार नव्हतो, पण ओघात आलंच आहे. अठ्ठावीस तेरे तीनशे चौसष्ट. (पुन्हा चौसष्ट. माझा हा आजार आहे असं घरचे म्हणतात.) वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. पंचांगात अधिक महिना यायला बत्तीस-तेहेतीस महिने लागतात, मोबाइलमध्ये तो दर वर्षी येतो. धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावून अनारशाचं वाण देण्याची आपली रीत आहे. इथे जावई दर वर्षी येतो, वाण घेतो आणि साडेनऊला जेवणाचं ताट ओढून नेतो.

हे सगळं मी हसण्यावारी नेतो. जाहिरातीचं मात्र नेता येत नाही.

कोटा शिल्लक असतो तेव्हा भाग सुरू व्हायच्या आधी जाहिरात, मध्ये जाहिरात, शेवटाला पोचायच्या आत आणखी एक. बरं, ऍप फुकट आहे का? तर नाही, पैसे भरलेत. पैसे भरूनही जाहिराती का, तर तुम्ही स्वस्तातले पैसे भरलेत. ठीक. पण ही जाहिरात येते कुणाच्या डेटातून? माझ्या! तासाला एक जीबी असा साध्या चित्राचा भाव धरला, तर मिनिटाला सोळा-सतरा एमबी. तासाभरात सहा मिनिटं जाहिराती म्हणजे शंभर एमबी गेले. त्यांच्या अमर्याद चौसष्टनं हे शंभर एमबी परत भरायचे म्हटले, तर साडेतीन तास लागतात. सहा मिनिटं मला न विचारता घेतलेल्या वस्तूची किंमत साडेतीन तास! बाजार समितीत शेतकऱ्याच्या कापसातून हमाली-तोलाई कापतात, ती निदान पावतीवर लिहिलेली असते. इथे पावती नाही, तोलाई नाही, वरून मलाच चारचाकी गाडी घ्या म्हणून आग्रह. मला ज्या गोष्टी विकत घ्यायच्या नाहीत त्या बघण्यासाठी मी महिन्याचे पैसे मोजतो, आणि ज्या गोष्टी बघण्यासाठी पैसे मोजले त्या बघताना गोल फिरतो. जाहिरात देणाऱ्यानं ती मला दाखवण्याचे पैसे ऍपवाल्याला दिले. मी ती बघण्याचा डेटा फोन कंपनीला विकत मागितला. दोघांचे पैसे झाले. यात मी कोण? मी ज्याच्यावरून वाहतूक होते तो रस्ता. रस्त्याची निदान पावसाळ्याआधी डागडुजी होते म्हणतात; आमच्याकडे तीही ऐकीव माहिती.

असो. रविवारी आम्ही सगळ्यांनी दिवसभर डेटा वाचवला. आईनं एकादशीसारखं कीर्तन टाळलं, पोरानं रील बघितल्या नाहीत, म्हणजे निदान आमच्यासमोर नाही. रात्री एक जुना सिनेमा सगळ्यांनी मिळून लावला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरात एक ओळ आली: हा कार्यक्रम आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही.

ही ओळ मात्र क्षणात येते. तिला ना कोटा लागतो, ना गोल.

आता आमचा प्रदेश कोणता, हे त्या ऍपला ठाऊक असेल तर त्यानं सांगावं, कारण मलकापूरला ते अजून नक्की कळलेलं नाही. आमचा जिल्हा बुलढाणा, विभाग अमरावती, म्हणून आम्ही विदर्भात. पण नागपूर आमच्यापासून साडेतीनशे किलोमीटरच्या घरात आणि भुसावळ पन्नासेक किलोमीटरवर, त्यामुळे बोलता बोलता आम्ही कधी खान्देशात जातो ते कळत नाही. नागपूरकर आम्हाला विदर्भातले मानत नाहीत, जळगावकर खान्देशातले मानत नाहीत आणि पुणेकर काहीच मानत नाहीत. मागे जाऊन बघावं तर आणखी घोळ. १८५३ साली निजामानं वऱ्हाड कंपनीच्या हवाली केलं (तेव्हाही कंपनीच), मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. १९०३ साली आम्हाला मध्य प्रांताच्या दावणीला बांधलं. १९५६ साली मुंबई राज्यात, १९६० साली महाराष्ट्रात. त्या काळी ऍप असतं, तर सिनेमाचे हक्क निजामाकडे मागायचे का गव्हर्नराकडे, यातच तो सिनेमा जुना झाला असता. एवढे दीडशे वर्षांचे तह, करार, आयोग आणि आंदोलनं करून जो प्रश्न पुरता सुटला नाही, तो एका रिमोटच्या बटणात सुटला. आमचा प्रदेश म्हणजे जिथे उपलब्ध नाही तो.

गंमत म्हणजे ऍपला आम्ही मलकापुरात आहोत हेही माहीत नाही. आपण कुठे बसलोय हे ते फोनच्या आयपी पत्त्यावरून ताडतं, आणि मोबाइल कंपन्या आमच्याकडची सगळी वर्दळ कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या यंत्रातून बाहेर काढतात. त्यामुळे त्याच्या लेखी मी कधी नागपुरात असतो, पुष्कळदा मुंबईत. मला उपनगरातल्या दोन बीएचकेच्या जाहिराती येतात, लोकल गाड्यांच्या उशिराबद्दल सूचना येतात. हातानं गाव निवडावं तर मलकापूर तीन-चार निघतात. एक कोल्हापूरकडे शाहूवाडीत, एक कऱ्हाडला खेटून, एक अकोल्यात. पोरानं घाईत शाहूवाडीचं दाबलं, तेव्हापासून भर उन्हाळ्यात आमचा फोन मुसळधार पावसाचा इशारा देतो. बाहेर डांबर वितळत असतं आणि आई गच्चीवरच्या कुरडया उचलून आणते. फोननं सांगितलंय ना!

जगाचे असे तुकडे पाडण्याची ही हौस जुनीच आहे. डीव्हीडी निघाल्या तेव्हाच कंपन्यांनी पृथ्वीची वाटणी केली होती. अमेरिकेला पहिला नंबर, युरोप आणि जपानला दुसरा, आपल्याला पाचवा. पाचव्यात भारताबरोबर रशिया, आफ्रिकेचा बहुतेक भाग, मंगोलिया आणि उत्तर कोरिया. अमेरिकेहून कौतुकानं आणलेली तबकडी इथल्या प्लेअरनं नाकारली, की समजायचं, आपण आणि उत्तर कोरिया एकाच पंगतीला. पंगत कुठली का असेना, पान आधी मांडलं जात नाही एवढं खरं.

एकदाच, फक्त एकदाच, देशात समता आली होती. २०२० च्या मार्चमध्ये सगळे घरात बसले, तारांवर ताण येईल म्हणून व्हिडिओ दाखवणाऱ्या कंपन्यांनी मिळून ठरवलं, की काही आठवडे मोबाइलवर ४८० च्या वरचं चित्र दाखवायचं नाही. मुंबईचे लोक किती हळहळले! चित्र फुटतंय, चेहरे नीट दिसत नाहीत, हे कसं बघायचं. आम्हाला मात्र फरक काय पडला तेच कळेना. चौदा एप्रिलपर्यंत अख्खा देश मलकापूर झाला होता आणि देशानं ते कसंबसं सोसलं.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. त्याच्या बायकोला मराठी मालिका बघायच्या असतात आणि तिकडे त्यातल्या पुष्कळशा 'आपल्या प्रदेशात उपलब्ध नाहीत'. म्हणून त्यानं व्हीपीएन घेतलंय. महिन्याला डॉलर मोजतो आणि यंत्राला पटवतो, की आपण भारतात आहोत. कुठे भारतात, म्हणून मी विचारलं. म्हणाला, "मुंबईत मामा. यादीत तेच असतं." मी म्हटलं, अरे, मीही मुंबईतच असतो. दोघंही मुंबईत आणि दोघांनाही तो सिनेमा दिसत नाही. त्याला कारण पैसे भरायला भारतातलं कार्ड लागतं, मला कारण देवाला ठाऊक. त्यानं माझं कार्ड मागितलं, मी त्याचं व्हीपीएन मागितलं. आता बेत असा ठरलाय, की माझ्या कार्डावर तो भारतात राहील आणि त्याच्या व्हीपीएनवर मी अमेरिकेत जाईन. बायकोला सांगितलं, तर तिनं एवढंच विचारलं, की मग अमेरिकेत आपल्याला बारा किती वाजता वाजतील.